आजची जवारी उद्या

"मॅडम, कंपनी मेली, तर तिनं बसवलेला कानही मरतो का?"

प्रश्न माझाच होता, पण तो भर हॉलमध्ये माइकवर विचारायची पैज मैत्रिणींची. माझ्या डावीकडे सान्वी मगदूम, उजवीकडे इरा कोळेकर. "तू? तू तर हजेरीला 'हजर' म्हणताना पण लाजतेस की," इरा म्हणाली. सान्वीनं वर बोली लावली, "विचारलास तर आठवडाभर माझा डबा तुझा." सान्वीच्या आईच्या हातची शेंगापोळी अख्ख्या नववी 'ब'ला माहीत आहे. मी हात वर केला.

हॉल हसला. व्यासपीठावरच्या बर्वे मॅडम मात्र हसल्या नाहीत. विज्ञान दिनासाठी पुण्याहून आलेल्या त्या इंजिनिअर. जुनी, बेवारस झालेली यंत्रं चालू ठेवायची हे त्यांचं काम. त्यांनी विचारलं, "कुणाचा कान?"

"माझ्या अब्बांचा. वीस मार्चला बंद पडणार आहे."

मग हॉल गप्प झाला. आणि मला, तहुराला, जिला चार माणसांत पाणी मागायची पण चोरी, त्या शांततेत एकदम फार छान वाटलं. हे आधी कबूल करते, कारण पुढचं सगळं त्या छान वाटण्यातूनच झालं.

आमचं दुकान मिरजेत, तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत. अब्बांना, म्हणजे इम्तियाजभाईंना, लोक ओळखतात ते जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं केसाकेसानं घासायचा. बरोबर घासला तर तार नुसती वाजत नाही, घोडीला चाटत वाजते, आणि एका सुरातून आणखी सूर उमलत वर जातात. ते उमलणं म्हणजे जवारी. ती कानानं ऐकायची, हातानं घासायची आणि आली की थांबायचं. एक फेरा जास्त झाला की घोडी वाया. "घासायला कुणीही शिकतं," अब्बा म्हणतात, "थांबायला वीस वर्षं लागतात."

दुकानाचा एक नियम आहे: आजची जवारी उद्या ऐकायची. ताजी घासलेली घोडी खोटं बोलते. तारांना तिच्यावर एक रात्र बसू द्यायचं, मग खरं काय ते सकाळी कळतं. गिऱ्हाईक बेळगावहून आलेलं असो की बंगळुरूहून, अब्बा तंबोऱ्यावर कापड टाकतात आणि म्हणतात, "उद्या या." तोवर तारेला बोटही लावायचं नाही.

मी चार वर्षांची असताना एका तापात अब्बांचे दोन्ही कान गेले. दोन वर्षं ते दुकानात भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग एका परदेशी कंपनीचा नवा कान आला. साध्या कृत्रिम कानात वीस-बावीस टोकं असतात; माणसाचं बोलणं कळायला तेवढी पुरतात, पण तंबोरा त्यांतून पत्र्याचा डबा वाजल्यासारखा येतो. या कानाला एकशे वीस होती. कानामागचा तुकडा आवाज घ्यायचा, त्याच्या एकशे वीस अरुंद पट्ट्या पाडायचा आणि प्रत्येक पट्टी आतल्या तिच्या-तिच्या टोकापाशी, मज्जातंतूच्या नेमक्या जागी पोचवायचा. एकशे वीस दारांचं घर म्हणा, आणि प्रत्येक दारातून एकच सूर आत येणार. बसवल्यावर पहिल्या दिवशी अब्बांनी तंबोरा छेडला आणि उठून न्हाणीत गेले. अम्मी सांगते, नळ सोडून रडत होते. मग नळाचं पाणी ऐकू येतंय म्हणून अजून रडले.

समोर दस्तगीर चाचांचं दुकान. दोघांचे उस्ताद एक, पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. चाचा आकाशाकडे बघून बोलतात, अब्बा गल्लीतल्या मांजरीकडे. "आजकाल लोक कानशीनं जवारी लावतात की खवणीनं, कुणास ठाऊक," चाचा ढगांना सांगतात. अब्बा मांजरीला म्हणतात, "ज्याला स्वतःची घोडी सरळ बसवता येत नाही ना मने, तो दुसऱ्याची बघतो." भांडण त्या दोन वर्षांचं. अब्बांना ऐकू येत नव्हतं तेव्हा दुकान चालावं म्हणून अम्मी गुपचूप तंबोरे समोर नेऊन द्यायची. चाचा जवारी लावून परत पाठवायचे, एका शब्दानं कुणाला बोलायचे नाहीत, आणि भोपळ्याच्या आत कारागिराची चिठ्ठी लागायची ती अब्बांच्या नावाची. कान परत आल्यावर अब्बांनी चाचांच्या हातचा पहिलाच तंबोरा छेडला आणि ओळखला. उपकार मानायचं सोडून ते भडकले. "माझ्या नावावर दुसऱ्याचा कान विकला!" तेव्हापासून मांजर आणि आकाश.

तर कंपनी बंद पडली. कानातल्या प्रोग्रॅमला सुरक्षेसाठी मुदत असते. दर तीन वर्षांनी कंपनी नवा पाठवायची, नाहीतर ठरल्या तारखेला कान आपोआप शांत होतो. जाता जाता कंपनीनं प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आणि तो कानात घालायचं साधन नेटवर उघडं टाकलं आणि दार ओढून घेतलं. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही कान तपासू शकतो. आत काही लिहायचं आमच्या हातात नाही."

बर्वे मॅडमनी हॉल रिकामा झाल्यावर मला बाकावर शेजारी बसवलं. "मूळ मजकूर माणसाला वाचता येतो, त्यातली मुदत पुसताही येते; पण यंत्राला तो कळत नाही," त्या म्हणाल्या. "तो यंत्राच्या आकड्यांत उतरवून देतो तो कंपायलर. या कंपनीनं स्वतःचा कंपायलर केला होता आणि तो एकाच जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. ती सिस्टिम आता कुणी वापरत नाही. तिचे प्रोसेसर भंगारात गेले."

"म्हणजे संपलं?"

"नाही गं. कंपायलरला कळू द्यायचं नाही की संपलंय."

मग त्यांनी वहीवर काढून दाखवलं. आपल्या आजच्या यंत्रावर एक थर चढवायचा. कंपायलर त्याच्या जुन्या पद्धतीनं म्हणतो, अमुक फाईल उघड. थर ते ऐकतो, आपल्या यंत्राला कळेल अशा भाषेत मागणी करतो आणि आलेलं उत्तर परत जुन्या वळणात फिरवून त्याच्या हातात ठेवतो. प्रोसेसरचंही तेच. जुन्या प्रोसेसरला दिलेला प्रत्येक हुकूम नव्याकडून करून घ्यायचा आणि जुन्यानंच केला असं भासवायचं. कंपायलर बिचारा आपल्याच घरात आहोत असं समजून काम करत राहतो. घर केव्हाच पाडलंय हे त्याला कळतही नाही.

"जमेल तुला," मॅडम म्हणाल्या. "फक्त बाहेर येईल ते सगळं तपासून घे. सगळं."

पुढचे दोन आठवडे मी उडत होते. शाळेच्या प्रयोगशाळेत मधल्या सुट्टीत थर चढवला. कंपायलर उघडताच पडायचा. कधी त्याला हवा तो फॉन्ट नसायचा, कधी तो अशा प्रिंटरची चौकशी करायचा जो जगात उरलेला नाही. एकदा तर त्यानं तारीखच चुकीची मानली आणि स्वतःची मुदत संपली म्हणून रुसून बसला. मी एकेक खोटं रचत गेले: हा घे फॉन्ट, हा घे प्रिंटर, ही घे तुझी तारीख. तेराव्या दिवशी पडद्यावर करड्या रंगाची जुनाट खिडकी उघडली आणि इरानं इतक्या जोरात किंकाळी मारली की शिपाईमामा धावत आले.

हजेरीला मी आता 'हजर' असं म्हणायचे की बाई दचकायच्या.

शुक्रवारी थरानं मला एक साधा प्रश्न विचारला. कसं चालवू? दोन पर्याय होते. 'तंतोतंत', अंदाजे वेळ एकतीस तास. 'जलद', अंदाजे वेळ चाळीस मिनिटं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बहुतेक कामांसाठी दोन्हींत फरक जाणवत नाही. शनिवारी अर्धी शाळा, आणि दुपारी अर्धा वर्ग आमच्या दुकानात यायचा होता, कान चालू होताना बघायला. मीच बोलावलं होतं. मी 'जलद' दाबलं.

मुदतीला अजून सहा दिवस होते. सहा दिवसांत एकतीस तास चार वेळा मावतात. हे मला नंतर सुचलं.

शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं फळ्यांवर, भोपळ्यांच्या राशीवर, उंबऱ्यात. अब्बा नवा सदरा घालून बाकावर बसलेले. मी त्यांच्या कानामागच्या तुकड्याला तार जोडली. साधनात दोन बटणं होती, 'चाचणी' आणि 'मोहोर'. चाचणीत नवा प्रोग्रॅम तात्पुरता चालतो. तुकडा काढला की जुना परत. मोहोर केली की नवा कायमचा आत जातो आणि जुना जातो. अशा मोहोरेला कानात चारच जागा ठेवलेल्या. तीन कंपनीनं वापरलेल्या होत्या.

मी 'चाचणी' दाबलं. अब्बांच्या डोळ्यांची पापणी हलली. "काय अब्बा?"

"ऐकू येतंय. ओरडू नको."

सगळे हसले. मग परीक्षा सुरू. सान्वीनं अब्बांकडे पाठ करून उभं राहून फळांची नावं म्हटली, अब्बांनी एकेक परत म्हटलं. इरानं तोंडावर हात ठेवून कुजबुज केली, "काका, तुमची तहुरा गणिताच्या तासाला झोपते." अब्बा म्हणाले, "ते मला कान नसताना पण माहीत होतं." शेवटी अम्मी आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून, आम्हाला कुणालाच कळणार नाही इतक्या हळू काहीतरी बोलली. अब्बा लाजले. पन्नाशीचा माणूस, कानाच्या पाळ्या लाल! वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"तंबोरा वाजवून बघा की काका," कुणीतरी म्हणालं.

दुकानात तारा चढवलेला तंबोरा त्या दिवशी एकच होता. त्याची जवारी अब्बांनी सकाळीच लावली होती आणि त्यावर कापड होतं. अब्बांनी मान हलवली. "त्याला आज हात नाही. आजची जवारी उद्या."

अम्मी दारातून म्हणाली, "मग हे मोहोर का काय ते पण उद्या करा की. राहू दे आजची रात्र."

मी अब्बांकडे बघितलं. अब्बांनी माझ्याकडे, मग त्या सगळ्या पोरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, लग्नात नवरीच्या बापाचा असतो तसा. "माझ्या लेकीचं काम आहे," ते म्हणाले. "दाब."

मी दाबलं.

नंतरचा दीड महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा. प्रार्थनेच्या वेळी माझं नाव, भित्तिपत्रकात माझा फोटो, सान्वीचा डबा एका आठवड्याऐवजी तीन आठवडे. धारवाडच्या एका गाणं शिकवणाऱ्या शांभवीबाईंनी नेटवर मला शोधून काढलं. त्यांचाही कान त्याच कंपनीचा, मुदत मेअखेरची. "तुझी फाईल मला देशील ना गं पोरी?" मी लिहिलं, परीक्षा संपली की देते, काळजी करू नका, माझ्या अब्बांचा कान एकदम झकास आहे.

दुकानात तंबोरे परत येऊ लागले होते. पहिला आला तेव्हा अब्बा म्हणाले, वाटेत हवा लागली असेल. दुसऱ्याला म्हणाले, घोडीचं शिंग खराब निघालं. आता घोड्यांना प्रयोगशाळेत वाढवलेलं शिंग येतं आणि त्याच्यावर सगळ्यांचाच राग आहे, म्हणून मीही मान डोलावली. चौथ्याच्या मालकाला ते म्हणाले, "वय झालं हो माझं." ते मला लागलं, पण माझी परीक्षा होती.

दस्तगीर चाचांनी टोमणे थांबवले तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. आकाश मोकळं असूनही चाचा त्याच्याशी बोलत नव्हते. एका दुपारी मी शाळेतून येताना त्यांनी मला हाक मारली, आयुष्यात पहिल्यांदा.

"तुझा बाप घोड्या खातोय," ते हळू म्हणाले. "रोज ऐकतो मी इथून. कानस थांबतच नाही. इम्तियाजचा हात असा नव्हता. बघ जरा."

बाकाखाली चहाच्या पुड्यांचा जुना डबा होता. त्यात सतरा घोड्या निघाल्या. सगळ्यांच्या माथ्यावर मधोमध खळगा, थांबायला न कळलेल्या माणसानं घासल्यासारखा. मी डबा उघडा घेऊन उभी होते आणि अब्बा दारात आले.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळपासून. कापड काढलं, तार छेडली. नुसती तार, बेटा. दोरी मेजाला बांधून ओढावी तशी."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझा फोटो लागला होता ना शाळेत."

मी बर्वे मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी एकच विचारलं, "कुठल्या पद्धतीनं चालवलास?" आणि मी 'जलद' म्हटलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त समजावलं.

पट्ट्यांचे आकडे कंपायलर स्वतः मोजून प्रोग्रॅममध्ये लिहितो. जुना प्रोसेसर हे दशांशांचे हिशोब करताना मधले आकडे जास्त लांब ठेवायचा, ऐंशी खान्यांचे, आणि शेवटी छाटायचा. आजचा प्रोसेसर ते चौसष्ट खान्यांतच ठेवतो. 'तंतोतंत'मध्ये थर जुन्याची नक्कल आकड्याआकड्यानं करतो, म्हणून एकतीस तास. 'जलद'मध्ये तो म्हणतो, चौसष्ट तर चौसष्ट, एवढ्यानं काय होतं? बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण त्या कानाच्या पट्ट्या इतक्या अरुंद की प्रत्येक पट्टीचं उत्तर फिरून तिच्याच हिशोबात परत जातं, सेकंदाला हजारो वेळा. शेवटच्या घरातली चूक फिरून फिरून वाढते. आणि कंपनीनं प्रोग्रॅममध्ये एक शहाणपणा केलेला: एखादी पट्टी डगमगते असं वाटलं तर मज्जातंतूला इजा नको म्हणून ती चुपचाप बंद करायची. आवाज न करता, निरोप न देता.

आम्ही मोजलं. एकशे वीस दारांपैकी सदतीस बंद होती. बोलण्याला ती लागत नाहीत. फळांची नावं, गणिताचा तास, अम्मीची कुजबुज, सगळं उरलेल्या दारांतून व्यवस्थित येतं. जवारी त्या सदतीसमधून यायची.

"परत मोहोर?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"जागाच नाही, तहुरा. चाचणीलाही एक रिकामी जागा लागते."

दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं, एकशे वीस टोकांचा आतला धागा काढून दुसरा घालता येईल, पण काढताना मज्जातंतू दुखावला तर बोलणंही जाईल. अम्मीनं अब्बांचा हात धरला आणि सोडला नाही. अब्बा म्हणाले, "नको. घरचं ऐकू येतंय तेवढं राहू दे."

तरी मी एकतीस तास लावले. सुट्टी लागली होती, प्रयोगशाळेची किल्ली शिपाईमामांनी काही न विचारता दिली. दुसऱ्या दिवशी फाईल आली. जुनीशी ताडून बघितली, दोनशे बारा ठिकाणी फरक. एवढीशी! माझ्या नखावर मावेल अशा मेमरी कार्डात ती फाईल बसते. ती धारवाडला पाठवली आणि शांभवीबाईंना लिहिलं की मोहोर करू नका, चाचणीवर ठेवा, तंबोरा ऐका, तुकडा न काढता रात्रभर घालून झोपा, सकाळी परत ऐका, मगच. त्यांनी तसंच केलं. दोन दिवसांनी त्यांचा बोलका निरोप आला. मी तो अब्बांसमोर लावला, का कुणास ठाऊक. लपवणं आता नको वाटत होतं.

"पोरी," बाई रडत होत्या, "तंबोरा बोलला गं. ऐक." आणि मागे तंबोरा वाजत राहिला, बराच वेळ.

अब्बांनी शेवटपर्यंत ऐकला. "छान आहे म्हणतात," ते म्हणाले, "म्हणजे असेल छान."

अम्मी उठून आत गेली. बरोबर प्रोग्रॅम माझ्या खिशात होता. तो जगातल्या त्या जातीच्या प्रत्येक कानात जाऊ शकत होता. माझ्यापासून हातभर अंतरावरचा तेवढा एक सोडून.

मग मी ठरवलं की अब्बांचा कान मी होणार. किती सोपं वाटलं होतं! अब्बांनाही आवडलं. सकाळी आम्ही दोघं बाकावर. ते घासायचे, जवारी खुलावी म्हणून तारेखाली सुताचा धागा सरकवायचे, छेडायचे आणि माझ्याकडे बघायचे.

"आली?"

"आली वाटतं."

"वाटतं नको. आली की नाही?"

"आली."

"कशी आली? खर्जाची खुलते का? की पंचम चिकटतोय?"

मला खर्ज कळत होता, पंचम कळत होता, पण खुलणं आणि चिकटणं यांतलं मला काही कळत नव्हतं. "पुन्हा ऐक," ते म्हणायचे. मी ऐकायचे. त्यांना सांगता यायचं ते आठवणीतलं, मला ऐकू यायचं ते समोरचं, आणि दोन्ही एकच आहे का हे बघायला तिसरं कुणी नव्हतं. एकदा त्यांनी माझा तळवा भोपळ्यावर ठेवला, वर आपला ठेवला. "इथे थरथर येते ना, ती बरोबर आहे. हात अजून सांगतो तेवढं. कधी थांबायचं ते हाताला कळत नाही."

सहाव्या दिवशी मी छाती फुगवून म्हटलं, "आली, अब्बा. नक्की आली." आम्ही कापड टाकलं, रात्र जाऊ दिली, सकाळी मी परत ऐकलं, नियमानं. तेव्हाही मला आलीच वाटली. अब्बांनी भोपळ्यात आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा गुणगुणत होते, आणि मांजरीला म्हणाले, "मने, आमची पोरगी तयार होतेय."

तंबोरा आठवड्यात परत आला. पाठवणारे गृहस्थ सभ्य होते. चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं की या वेळी मन रमत नाही.

अब्बांनी घोडी उतरवली, बघितली, डब्यात टाकली. अठरावी. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मला एवढा जड वाटला की मी तिथून पळाले. पळाले ती सरळ गल्ली ओलांडून समोर.

दस्तगीर चाचा तंबोऱ्याची खोळ शिवायला सुईत दोरा ओवत होते. मी सगळं सांगितलं. पैज, थर, जलद, मोहोर, सदतीस दारं. ऐंशी खाने त्यांना कितपत कळले माहीत नाही. ते शेवटपर्यंत सुई हातात धरून बसले. मग म्हणाले, "त्यानं कापड टाकलं तंबोऱ्यावर. आणि कानावर टाकलं नाही?"

"मी घाई केली, चाचा."

"दोघांनी केली," ते म्हणाले. मग मी मागायला आले होते ते मागितलं. त्यांनी आमच्या दुकानाकडे बघितलं. आकाशाकडे नाही, दुकानाकडे. "बापाला विचारलंस?"

"सांगणार आहे."

"विचारणार नाही, सांगणार. हं." त्यांनी सुईत दोरा घातला. "ये मग."

आज सकाळी अम्मीनं चहा ओतला, तिघांचा. अब्बा बशीत फुंकर घालत होते. समोरून चाचांच्या दुकानातून तार छेडल्याचा आवाज येत होता, आणि मला दिसत होतं की अब्बा तिकडे कान देऊन बसलेत, ज्या कानात आता काहीच उमलणार नव्हतं. अम्मीनं माझ्याकडे बघितलं. तिला बहुतेक कळलं होतं. दोन वर्षं तंबोरे समोर नेणारी तीच होती.

शब्द मात्र अब्बांना स्वच्छ ऐकू येतात. तेवढं मी नीट करून ठेवलंय. म्हणून मी आवाज न चढवता एकदाच सांगितलं:

"अब्बा, अम्मी, मी उद्यापासून रोज सकाळी दस्तगीर चाचांकडे बसणार. घासायला नाही, नुसती ऐकायला. किती वर्षं लागतील ते त्यांनाही सांगता येत नाही. हात मला तुम्हीच शिकवायचा, अब्बा. पण कान तुमच्याकडून मला मिळणार नाही, आणि तो मीच घालवलाय. तोवर आपला प्रत्येक तंबोरा समोर जाईल, दिवसाढवळ्या, मी स्वतः उचलून नेईन, आणि आतल्या चिठ्ठीवर तुमच्या नावाखाली त्यांचं नाव असेल."

अब्बांनी बशी खाली ठेवली. त्यांचे ओठ हलले.

"आज नको," मी म्हटलं. "तुम्हाला काय वाटतं ते मला उद्या सांगा."